रोप क्रमांक अठ्ठ्याऐंशी आणि न वाचलेली चार पानं

सर, प्रूफं आली. तुम्ही गेल्यानंतर बाराव्या दिवशी आली, नाशिकहून, कुरिअरने. पाकिटावर नाव तुमचं आणि पत्ता डोंबिवलीचा, माझा. आत प्रकाशकांकडच्या निकिताची चिठ्ठी आहे, सोमवारपर्यंत परत हवीत म्हणून. आज शुक्रवार. मी पाकीट उघडलं, पानं वरखाली केली, परत आत सारली आणि गॅसचं बटण बंद आहे का ते बघून आले. बंदच होतं.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाई, तुमच्या काळजीला रविवारची तरी सुट्टी असते का हो?" नसते. तुम्हाला ठाऊक होतं. पण यावेळची काळजी गॅसच्या बटणाची नाही.

तुमच्या कॉलनीच्या हॉलमधल्या शोकसभेत सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. शिस्तीचे, शब्दाचे पक्के, असं सगळं. तुमच्या मुलीने, मंजिरीने, मलाही बोलायला सांगितलं. मी घसा बसलाय म्हणून टाळलं. घसा ठणठणीत होता. उभी राहिले तर तोंडातून खरं बाहेर पडेल, याची धास्ती होती. तिथे बोलले नाही ते इथे सांगते. तुमच्या पुस्तकाची चार पानं मी वाचली नाहीत.

आपल्या कामाची रीत बाहेर कुणाला माहीत नव्हती, आणि तुम्ही ती कुणाला कळूही दिली नाहीत. वागळे इस्टेटच्या कंपनीत तुम्ही जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणायचात, तुम्ही सांगायचात आणि मी टाइप करायची. 'चालू यंत्रात हात घालू नये' या एका वाक्यावर आपण अर्धा दिवस भांडलोय. तुम्हाला 'घालू नये' हवं होतं, मला 'घालू नका'. मी म्हटलं, कामगाराला नियम नको, कुणीतरी ओरडलेलं हवं. शेवटी पाटी 'घालू नका' अशीच लागली, आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोललात.

मग दोघंही निवृत्त झालो, आणि साखरेने तुमचे डोळे नेले. आधी बारीक अक्षर गेलं, मग जाड अक्षर, मग माणसं. नेमकं तेव्हाच तुम्ही ते जर्मन पुस्तक काढलंत. तरुणपणी कंपनीने शिकायला पाठवलं होतं तेव्हा तिकडच्या एका गावात विकत घेतलेलं नव्हे, त्याची नवी आवृत्ती. मंजिरीने मागवून दिलेली. एका पांढऱ्या द्राक्षाच्या वाणाचं चरित्र. मला फोन केलात. "मराठीत द्राक्षावर जे काही लिहिलं जातं ते सगळं फवारणीवर. एका वाणाचा जन्म, नाव, बदनामी, हे कुणी लिहिलंय का? मला करायचंय. तुम्ही वाचा, मी सांगतो, तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "सर, मला जर्मनचा ओ की ठो कळत नाही."

"कळायची गरजच नाही. उच्चार शिकवतो. कळायचं काम माझं."

पंधरा दिवस शिकवणी चालली. डब्ल्यूला व म्हणायचं, व्हीला फ, झेडला त्स, आणि ई-आय जोडीने आले की आय. मी घरी मोठ्याने सराव करायची. आई आता माणसं विसरते, पण कान शाबूत आहेत. तिने विचारलं, "ही कुठली वंदना म्हणतेस गं? आपल्या बुद्धविहारात तर नसते ही." हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की ठसका लागला.

आठवड्यातून तीन दिवस मी वर्तकनगरला यायची. गुडघ्यामुळे स्टेशनचे जिने बंद झालेत, म्हणून बसने, शीळफाट्यावरून. अकरा ते चार. मी न कळणारं वाक्य वाचायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि मग मराठीत सांगायचात. तीन वर्षं. मला त्या भाषेतलं तरीही काही कळत नव्हतं, एक शब्द सोडून. निश्त. म्हणजे नाही. तो आला की तुम्ही बोट वर करायचात, त्यामुळे तो मला पाठ झाला.

आणि द्राक्ष मात्र कळत गेलं. पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हा ऱ्हाइनच्या बाजूच्या एका गावातल्या संशोधन केंद्रात एका माणसाने ते तयार केलं. एका वेलाचा पराग दुसऱ्याच्या फुलावर, आलेलं बी पेरायचं, रोपांना क्रमांक द्यायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. हे अठ्ठ्याऐंशी क्रमांकाचं रोप. झेमलिंग अठ्ठ्याऐंशी. झेमलिंगला तुम्ही 'बीजरोप' म्हणायचात, मी नुसतं 'रोप'. बीजरोप म्हटलं की कृषी खात्याचं पत्रक वाटतं, असं मी म्हटलं होतं. पुस्तकाच्या नावात रोप आलं, आत सगळीकडे बीजरोप. एवढी तडजोड तुम्ही माझ्याशी कधीच केली नव्हती.

नावाचं प्रकरण तुम्ही किती रंगवून सांगितलंत. नाझींच्या राज्यात त्या रोपाला तिथल्या एका पुढाऱ्याचं नाव चिकटवलं. राज्य बुडालं, नाव खरवडलं, मग ज्याने रोप वाढवलं त्याचंच नाव त्याला मिळालं. शेजारच्या ऑस्ट्रियातले लोक मात्र अजूनही क्रमांकानेच हाक मारतात. "आपल्याकडे चौकाला नवं नाव देतात आणि रिक्षावाला जुन्याच नावाने सोडतो, तसं," तुम्ही म्हणालात. हे वाक्य पुस्तकात घालायचा मोह तुम्हाला झाला होता. मूळ लेखकाचं नाही म्हणून घातलं नाहीत. इतके तुम्ही काटेकोर, आणि म्हणूनच मला आता सुचेनासं झालंय.

वासाचं भांडण तर राहूनच गेलं. त्या वाइनला तिकडच्या एका काळ्या आंबट फळाचा वास येतो म्हणतात. आपल्याकडे ते फळ नाही. मी म्हटलं करवंद लिहा. तुम्ही म्हणालात जांभूळ. तुम्ही ती प्यायला होतात, तिकडच्या घरमालकिणीने वाढदिवसाला दिलेला एक पेला. मी आयुष्यात कुठलीच वाइन घेतलेली नाही, तरी हटून बसले. प्रुफात ती जागा कोरी आहे, सर. चौकट छापलीये आणि बाजूला निकिताने प्रश्नचिन्ह काढलंय.

आता त्या दिवसाचं. शीळफाट्याला कंटेनर आडवा झाला होता. अकराला पोचणारी मी दीडला पोचले. आईपाशी बसणाऱ्या सुनीताला त्या दिवशी पाचच्या आत निघायचं होतं, तिने चारदा फोन केला. एकदा तिने पाच मिनिटं दार उघडं टाकलं होतं, तेव्हा आई मानपाडा रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली होती. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तिसऱ्या प्रकरणाचा शेवट चालू होता. एकशे चाळिसावं पान संपलं तर समोर नुसते तक्ते, आकडे, बारीक अक्षरातली तुटक वाक्यं. परिशिष्टासारखं काहीतरी. मी दोन पानं एकदम उलटली, म्हणजे छापील चार. पुढचं प्रकरण नव्या पानावर सुरू होत होतं. मनात म्हटलं, हे पुढच्या वेळी.

तुम्ही विचारलंत, "संपलं ना प्रकरण?"

मी म्हटलं, "हो."

पुढच्या वेळी आले तेव्हा तुम्ही चौथ्या प्रकरणाची तयारी करून बसला होतात. आता मध्येच मागे जायचं म्हणजे मागच्या वेळी खोटं बोलले हे सांगणं आलं. मी चौथं सुरू केलं. नंतर पाचवं. चार पानांनी काय होतंय, असं स्वतःला समजावत राहिले. विसरले असते तर बरं झालं असतं. मी विसरले नव्हते.

तुम्ही प्रस्तावना सांगितलीत तो दिवस आठवतो. तुमचा आवाज असा चढलेला मी कंपनीत कधी ऐकला नव्हता. सिल्व्हानर हे रोजच्या जेवणाचं, शेतकऱ्याच्या घरचं द्राक्ष, रीसलिंग हे खानदानी, आणि या दोघांच्या पोटी अठ्ठ्याऐंशी. साधं आणि थोर एकत्र आलं की काय होतं त्याचा हा पुरावा, असं तुम्ही म्हणालात. अख्खी प्रस्तावना त्यावर उभी आहे. सांगून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "बाई, बरं झालंय ना?" फार बरं झालं होतं. मी लिहिता लिहिता डोळे पुसले होते.

मग निकिताचा फोन आला. प्रकाशकांकडची संपादक, तुम्हाला न भेटलेली, तुम्हाला दिसत नाही हे तिला माहीतच नव्हतं. तुम्ही मला ताकीद दिली होती, "कळलं तर कीव करतील, आणि मग पुस्तक कीव म्हणून छापतील." फोन स्पीकरवर होता.

"सर, एक छोटीशी शंका. मी जिथे जिथे चेक केलं तिथे सिल्व्हानर पेरेंट नाहीये असं लिहिलंय. डीएनए टेस्टनंतर बदललंय म्हणे."

"बाळ, इंटरनेटवर कुणीही काहीही लिहितं. मूळ पुस्तक मी पान न पान पाहिलंय. त्यात तसं कुठेही नाही."

"हो सर, पण एकदा परत—"

"परत काय? वैशालीबाई समोर बसल्यात. प्रत त्यांनीच केलीये. विचार त्यांना."

"मॅडम, सगळी पानं बघितलीत ना?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही विजयी मुद्रेने फोनच्या दिशेला बघितलंत. फोन दुसऱ्या बाजूला होता.

जेवणानंतर तुम्हाला डुलकी लागली तेव्हा मी कपाटातून पुस्तक काढलं आणि त्या चार पानांचे फोटो घेतले. बसमध्ये मोबाइलवर त्यांचं मोडकंतोडकं भाषांतर वाचलं. खरं तर त्याचीही गरज नव्हती. पहिल्याच तक्त्याखाली सिल्व्हानर होतं आणि त्याच्या पुढे निश्त.

गोष्ट अशी आहे सर. वेलांच्या पेशी तपासायची सोय झाली तेव्हा कळलं की सिल्व्हानर हा अठ्ठ्याऐंशीचा पालक नव्हेच. रीसलिंग खरा. दुसरा कोण ते बरीच वर्षं सापडेना, कुणी म्हणालं रानवेल असेल. मग तो सापडला. बुकेट-ट्राउबे नावाचा एक फारसा कुणी न विचारणारा वाण. आणि तो स्वतः सिल्व्हानरच्या पोटचा. म्हणजे सिल्व्हानर घरातलाच, पण एक पिढी मागचा. तुमचा पुरावा पार मोडत नाही, नुसता सरकतो. तुम्हाला हे कळतं तर तुम्ही आधी माझ्यावर उखडला असतात आणि मग दुप्पट चांगली प्रस्तावना सांगितली असतीत. माझी खात्री आहे.

बुधवारी हे कळलं. शुक्रवारी सांगायचं ठरवलं, कसं सांगायचं ते आरशासमोर बोलूनही पाहिलं. गुरुवारी तुम्हाला दवाखान्यात नेलं.

तिथे मी तीनदा आले. तिसऱ्यांदा तुम्ही शुद्धीत होतात, अगदी स्वच्छ बोलत होतात. मंजिरी औषधं आणायला खाली गेली होती. तुम्ही विचारलंत, "प्रूफं आली?" मी म्हटलं, अजून नाही. "आली की नीट बघा. मला दाखवता येणार नाहीत." मग परत विचारलंत, "काही राहिलं नाही ना, बाई?"

मी मान हलवली. तुम्हाला ती दिसणार नाही हे मला माहीत होतं.

तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून गप्प राहिले, असं मी इतके दिवस म्हणत आलेय. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की तुम्ही माझ्यावर रागावून जाल ही भीती मला तुमच्या जाण्यापेक्षा मोठी वाटली.

वरचं परवा लिहिलं. आज रविवार आहे. काल वर्तकनगरला जाऊन आले.

मंजिरी बंगळूरला परतायच्या आधी घर आवरतेय. तुमचा चष्मा काय करायचा हे तिला ठरवता येत नव्हतं, तो तिने टेबलावर तसाच ठेवला होता. तिने मला आधीच बजावलं होतं, "ताई, बाबांचं शेवटचं काम आहे. एक अक्षर बदलायचं नाही." मी पिशवीतून प्रूफं काढली, कपाटातलं पुस्तक घेऊन ते पान उघडलं आणि सगळं सांगितलं. कंटेनर, सुनीता, पहिला हो, दुसरा हो. दवाखान्यातलंही.

तिने ती चार पानं उलटून पाहिली. मग म्हणाली, "फोनवर बाबा समोर बसलेले असताना तुम्ही हो म्हणालात?"

"हो."

"ते तुमच्या भरवशावर त्या मुलीशी भांडत होते."

"हो."

"मग काय करायचंय तुम्हाला आता?"

मी म्हटलं, प्रस्तावना जशीच्या तशी राहू दे. खाली टीप माझ्या नावाने देऊ. पण ती खरी लिहायची तर तुम्हाला दिसत नव्हतं हे त्यात येणार. ते लिहिलं नाही तर 'पान न पान पाहिलंय' म्हणणारे तुम्ही खोटे ठरता. लिहिलं तर तुम्ही तीन वर्षं जे झाकलंत ते मी उघडं करते.

"नाही," मंजिरी म्हणाली. "ते नाही लिहायचं. बाबांना चाललं नसतं."

"नसतंच चाललं."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आता उठावं, शीळफाट्याला परत अडकायला होईल. चहा घेऊन ती बाहेर आली, प्रुफातली प्रस्तावना उचलली आणि उभ्याउभ्याच पूर्ण वाचली. तुमची पोरगी, ओठ न हलवता वाचते. शेवटी म्हणाली, "लिहा. आंधळे होते म्हणून कीव केलेली परवडली. खोटं बोलले असं कुणी म्हणायला नको." आणि मग, माझ्याकडे न बघता, "पण ताई, मला अजून तुमचा राग आहे."

मी म्हटलं, असू दे.

टीप अशी लिहिली आहे: 'अनुवादकांना शेवटची तीन वर्षं दिसत नव्हतं. मूळ मजकूर मी त्यांना वाचून दाखवत असे. पान एकशे एक्केचाळीस ते एकशे चव्वेचाळीस मी वाचली नाहीत आणि वाचली असं सांगितलं. या वाणाच्या पालकांविषयीची चूक त्यामुळे राहिली आहे. ती त्यांची नव्हे. — वैशाली जाधव.' मुखपृष्ठावर माझं नाव घालायचा आग्रह तुम्ही किती केला होता. काही चुकलं तर, म्हणून मी नको म्हटलं. उद्या निकिताला फोन करायचाय. ती काय म्हणेल, प्रकाशक पुस्तकच थांबवतील का, कुणास ठाऊक. तुम्हीही रागावाल. रागवा.

ती चार पानं मी मराठीत आणली आहेत. मोबाइल, तुमचा जाड शब्दकोश, आणि एकेक वाक्य आधी मोठ्याने वाचून. वाचून झालं की सवयीने थांबते, तुम्ही सांगाल म्हणून. मग स्वतःच लिहिते. निकिता कुणा जाणकाराकडून तपासून घेईल, बीजरोप मात्र तिला बदलू देणार नाही. आज सकाळी शेवटचं वाक्य केलं. ज्या माणसाने ते रोप वाढवलं, तो गेला तेव्हा वहीतली पालकांची नोंद बरोबर आहे असंच त्याला वाटत होतं, असं ते वाक्य आहे. त्याला खरं सांगू शकेल असं तेव्हा जगात कुणीच नव्हतं, सर. तुम्हाला सांगायला मी खाटेशेजारी स्टुलावर बसले होते.